प्रॉस्परोची क्षमा आणि कॅलिबनचा माफीनामा

क्षमा हा शब्द आपल्याकडे इतका पूज्य मानला गेला आहे की तो उच्चारताच चिकित्सा थांबते. वस्तुतः क्षमेविषयी पहिला प्रश्न विचारायला हवा तो हा, की ती कोणी कोणाला करायची, आणि करताना क्षमा करणाऱ्याच्या हाती दंड आहे की नाही. शेक्सपिअरने आपल्या अखेरच्या काळातील ‘द टेंपेस्ट’ या नाटकात सुमारे चारशे वर्षांपूर्वी हा प्रश्न मांडून ठेवला आहे. आपल्या कार्यकर्त्यांना हे नाटक दूरचे वाटण्याचे कारण नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात संप फसल्यावर कामगारापुढे जो कागद सहीसाठी सरकवला जातो, त्या कागदाचा अर्थ या नाटकाच्या उजेडात स्वच्छ वाचता येतो.

कथा थोडक्यात अशी. मिलानचा ड्यूक प्रॉस्परो ग्रंथांत रमला आणि कारभार त्याने धाकट्या भावावर, अँटोनिओवर सोपवला. भावाने नेपल्सचा राजा अलोन्झो याच्याशी संगनमत करून त्याला पदच्युत केले आणि तीन वर्षांचीही न झालेल्या मिरांडासह समुद्रात सोडून दिले. गोन्झालो नावाच्या वृद्ध दरबाऱ्याने दयेपोटी नावेत अन्न, वस्त्रे आणि ग्रंथ ठेवले. नाव एका बेटाला लागली. ग्रंथांतील विद्येच्या बळावर प्रॉस्परो बेटाचा धनी झाला. तेथे आधीपासून राहणाऱ्या कॅलिबनला त्याने लाकडे वाहायला लावले आणि झाडात अडकून पडलेल्या एरिएल या वायुरूप जीवाला सोडवून आपल्या चाकरीत घेतले. बारा वर्षांनी शत्रूंचे जहाज त्या बाजूला आले. प्रॉस्परोने वादळ उठवले, सर्वांना बेटावर आणले, हतबल केले आणि अखेर क्षमा केली.

नाटकाची कीर्ती या क्षमेवर उभी आहे. तथापि तिच्यातील दोन मापे बारकाईने पाहावीत. अलोन्झो पश्चात्ताप करतो, राज्य परत देतो आणि क्षमा मागतो. त्याचा प्रश्न सोपा आहे. अँटोनिओचे तसे नाही. त्याने भावाचे राज्य बळकावले होतेच. शिवाय याच बेटावर, झोपलेल्या अलोन्झोचा खून करण्याचा कट तो रचतो. त्यालाही क्षमा मिळते, आणि क्षमायाचनेचा एक शब्दही त्याच्या तोंडून निघत नाही. प्रॉस्परो त्याचा नवा कट राजाला सांगतसुद्धा नाही. आता कॅलिबनकडे पाहा. त्याची शिक्षा म्हणजे अंगभर पेटके, पाठीशी शिकारी कुत्री आणि अखेर एक हुकूम: क्षमा हवी असेल तर गुहा झाडूनपुसून लख्ख कर. कॅलिबन निमूटपणे मान्य करतो आणि यापुढे शहाण्यासारखा वागून कृपा संपादन करीन असे सांगतो. बरोबरीच्या माणसाला क्षमा न मागता मिळते. चाकराला ती राबून मिळवावी लागते. आणि कॅलिबनचे बेट ज्याने घेतले, त्याने कॅलिबनची क्षमा मागावी हा विचार बेटावरील एकाच्याही मनाला शिवत नाही.

प्रॉस्परो आला तेव्हा कॅलिबननेच त्याला गोड्या पाण्याचे झरे दाखवले होते, कोणती जमीन सुपीक आणि कोणती नापीक हे सांगितले होते. आमच्या पट्ट्याचा इतिहास याहून फार वेगळा नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर आकुर्डी, चिंचवड, भोसरी आणि पुढे खेड तालुक्यातील चाकण, महाळुंगे, निघोजे या गावांच्या शेतांवर कारखाने उभे राहिले. त्यामुळे हजारो घरांतील चुली पेटल्या हे कोणताही समाजवादी नाकारणार नाही. परंतु ज्याच्या जमिनीवर आणि ज्याच्या पाण्यावर हे उभे राहिले, त्याला बरोबरीचा मान मिळाला का? पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी रस्त्यावर उतरले, तेव्हा बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. झरे दाखवणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे सांगायला आणखी भाष्य नको.

आता त्या कागदाकडे वळू. संपानंतर कामावर परत घेताना प्रत्येक कामगाराकडून वेगवेगळे सद्वर्तनाचे हमीपत्र लिहून घेण्याची मालकवर्गाची जुनी रीत आहे. कायद्याच्या भाषेत त्याला ‘गुड कंडक्ट बॉण्ड’ म्हणतात. कामगार त्याला सरळ माफीनामा म्हणतो. संप सामुदायिक असतो, माफी मात्र एकेकट्याने मागायची असते. हीच त्यातली मेख आहे. हजार माणसांनी मिळून केलेल्या कृतीचे हजार स्वतंत्र अपराध केले जातात, आणि करार करण्याच्या जागी कृपा करण्याचा अधिकार मालकाकडे जातो.

ही मेख आपल्या राज्याच्या विधिमंडळाने ओळखली होती. कामगार संघटनांना मान्यता देण्याविषयीच्या आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातील चौथ्या अनुसूचीत, कायदेशीर संपावर गेलेल्या कामगारांना कामावर घेण्यापूर्वी असे हमीपत्र देण्याची सक्ती करणे ही अनुचित प्रथा ठरवली आहे. मात्र त्यात ‘कायदेशीर’ हे विशेषण आहे, आणि सारे रक्षण त्या एका विशेषणावर लटकले आहे. पूर्वीच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपापूर्वी नोटीस देण्याचे बंधन सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरते होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने चौदा दिवसांच्या नोटिशीची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू केली, आणि समेटाची कार्यवाही चालू असताना संप करण्यासही मनाई केली. कायदेशीर संपाची वाट जितकी अरुंद, तितके माफीनाम्याचे दार रुंद, हा याचा सरळ अर्थ.

या पट्ट्याने मोठे संप हरताना पाहिले आहेत. सप्टेंबर १९८९ मध्ये, पुढे टाटा मोटर्स झालेल्या टेल्कोचे कामगार पुण्याच्या शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना रात्रीच्या अंधारात तेथून उचलले आणि तो लढा मोडला. २५ जून २०१३ रोजी बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील कामगारांनी काम थांबवले. प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर प्रत्येकी १ रुपया दराने मिळावेत, ही त्यांची एक मागणी होती. सुमारे पन्नास दिवसांनी संप मागे घ्यावा लागला. शेअर मिळाले नाहीत. त्या मागणीची अनेकांनी टवाळी केली. आमच्या मते तीत कॅलिबनचा जुनाच प्रश्न होता: या बेटात माझा वाटा कोणता?

एरिएलची गोष्ट तर आजच्या चाकणच्या तरुणाला आपलीच वाटेल. तो कुशल आहे, तत्पर आहे, मालकाचे प्रत्येक अवघड काम तोच पार पाडतो. त्याला मुक्तीचे वचन मिळालेले आहे. पण त्याने त्याची आठवण करून देताच प्रॉस्परो संतापतो, पूर्वीचे उपकार मोजून दाखवतो आणि पुन्हा बारा वर्षे झाडात ठोकून ठेवण्याची धमकी देतो. ट्रेनी, टेंपररी, कंत्राटी अशा नावांनी राबणाऱ्या आणि २४० दिवस भरण्याआधी ‘ब्रेक’ मिळणाऱ्या मुलांना हा संवाद ऐकीव आहे. बदली वा तात्पुरते म्हणून कामगारांना वर्षानुवर्षे ठेवून कायमपणाच्या हक्कांपासून वंचित करणे, हीदेखील त्याच चौथ्या अनुसूचीतील अनुचित प्रथा आहे. कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली जो कायदा झाला त्याच्या नावात निर्मूलन हा शब्द होता. परंतु ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी ते कामगार मूळ मालकाच्या सेवेत आपोआप सामावले जात नाहीत.

येथे प्रॉस्परोच्या पदरात एक श्रेय टाकले पाहिजे. अखेरच्या प्रवेशात तो कॅलिबनकडे बोट दाखवून, हा काळोखाचा जीव माझा आहे असे सर्वांदेखत मान्य करतो. त्यात मालकीचा दर्प आहे की जबाबदारीची कबुली, यावर पंडित वाद घालोत. आपल्या कारखान्यांच्या फाटकावर तेवढीही कबुली मिळत नाही. एखाद्या कंत्राटी मजुराचा हात यंत्रात गेला की पहिले वाक्य ऐकू येते ते हे, की तो आमचा नव्हे, ठेकेदाराचा.

तथापि कॅलिबनला देव्हाऱ्यात बसवण्याचा मोह आपण टाळावा. त्याने मिरांडावर बळजबरी करण्याचा प्रयत्न केला होता आणि त्याचा त्याला पस्तावा नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो अन्याय करीत नाही, असे मानणे भाबडेपणाचे आहे. मिरांडाने कोणाला क्षमा करावी हे तिला कोणी विचारत नाही. तो अधिकार बापाने आपल्याकडे घेतला आहे. कामगार चळवळीतही स्त्रियांच्या प्रश्नांवर बापाच्या सुरात बोलणारे पुष्कळ आहेत. फ्रेंच वसाहतीत जन्मलेले मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांनी १९६९ मध्ये याच नाटकाची पुनर्रचना करून कॅलिबनला बंडखोर नायक केले. वसाहतवादाविरुद्धचा तो मोठा हुंकार होता. पण मूळ नाटकातील हा डाग त्यामुळे पुसला जात नाही.

कॅलिबनची दुसरी चूक राजकीय आहे. जुना धनी टाकण्यासाठी तो स्टेफानो या दारुड्या बटलरच्या पायाशी बसतो, कारण त्याच्या हातात बाटली आहे. बंड कोणाचे आणि पुढारी कोण! प्रॉस्परोने भरजरी कपडे दोरीवर टांगताच हा पुढारी आणि त्याचा जोडीदार उठावाचे भान विसरून अंगरख्यांसाठी भांडू लागतात. ही सारी अडगळ आहे, आधी काम उरका, असे बजावणारा एकटा कॅलिबन असतो. मान्यता, कंत्राटे, कॅन्टीनचा ठेका अशी वस्त्रे टांगलेली पाहून किती संघटनांची पावले अडखळली, याची यादी या पट्ट्यातील प्रत्येक जुन्या कामगाराला पाठ आहे. अनुयायाला अक्कल असते आणि पुढाऱ्याला नसते, तेव्हा बंड हास्यास्पद होते. दोष मात्र बंडावर येतो.

आणि त्याच कॅलिबनने दिलेला सल्ला साऱ्या नाटकात सर्वांत शहाणा आहे. आधी त्याचे ग्रंथ ताब्यात घ्या, असे तो पुन्हा पुन्हा सांगतो. ग्रंथ गेले की प्रॉस्परो माझ्याइतकाच अडाणी. हे नाटक नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी मराठीत आणले ते १८७५ साली. त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तो बराच फैलावला, आणि त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर. ते हिसकावून त्यांनी जाळले. त्या शेतकऱ्यांनी शेक्सपिअर वाचला नव्हता. सत्ता कागदात असते हे त्यांना सावकाराने शिकवले होते. सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, त्यामागे तो उठाव होता.

आजचे ग्रंथ जाळून भागणार नाही; ते वाचले पाहिजेत. कंपनीचा ताळेबंद, स्थायी आदेश, ठेकेदाराचा परवाना आणि हजेरीपत्रक, वेतनकराराचा मसुदा हे आजच्या प्रॉस्परोचे जादूचे ग्रंथ आहेत. ते ज्याला वाचता येतात त्याला फाटकावरील कागदावर डोळे मिटून सही करावी लागत नाही. आपल्या शाखांनी अभ्यासवर्गात हे कागद घ्यावेत, आणि त्यांच्या जोडीला हे नाटकही घ्यावे. मंगेश पाडगावकरांनी ‘वादळ’ या नावाने केलेला त्याचा अनुवाद उपलब्ध आहे. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत उतरणाऱ्या हौशी कामगार नटांनीही ते हाती घ्यावे; एरिएल आणि कॅलिबन यांच्या भूमिकांसाठी त्यांना अनुभव बाहेरून आणावा लागणार नाही.

क्षमेला आमचा विरोध नाही. सूडावर समाजवाद उभा राहत नाही. नाटकातही प्रॉस्परोला क्षमेकडे वळवतो तो त्याचा चाकर एरिएल. शत्रूंची दैना पाहून, मी मनुष्य असतो तर माझे हृदय द्रवले असते, असे तो सांगतो, तेव्हा धन्याला आपल्या माणूसपणाची आठवण होते. परंतु प्रॉस्परो जादूची काठी मोडण्याची आणि ग्रंथ बुडवण्याची प्रतिज्ञा करतो आणि उपसंहारात सामर्थ्यहीन होऊन प्रेक्षकांपुढे उभा राहतो, तेव्हाच त्याच्या तोंडी क्षमेची भाषा शोभते, कारण आता क्षमा मागणारा तो आहे. काठी हातात ठेवून केलेली क्षमा ही मेहेरबानी होय, आणि काठीच्या धाकाने मागितलेली क्षमा ही शरणागती. कामगाराला दोन्ही नकोत. त्याला समोरासमोर बसून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी केलेला करार हवा. बरोबरी आधी येऊ द्या; क्षमा कोणी कोणाला करायची ते मग दोघे मिळून ठरवतील.