पीटीचा तास गणिताला देऊ नका

दिवाळीची सुट्टी संपली की लातूर आणि नांदेडच्या अनेक शाळांत दोन वेळापत्रके चालतात. एक भिंतीवर लावलेले, दुसरे वर्गात प्रत्यक्ष चालणारे. भिंतीवर पीटी, चित्रकला, कार्यानुभव असे तास दिसतात. वर्गात त्या वेळेला गणित आणि विज्ञानाची उजळणी सुरू असते. दहावीच्या वर्गाचे मैदानाशी नाते तर बहुधा जूनमध्येच तुटते. याबद्दल कोणी तक्रार करत नाही. उलट ‘शाळा मुलांवर मेहनत घेते’ असे पालक कौतुकाने सांगतात.

या पालकांना नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या मराठवाड्यातल्या घरात मुलाला किंवा मुलीला मिळालेली वैद्यकीयची जागा अख्ख्या कुटुंबाचे दिवस बदलते. लवकर अभ्यासक्रम संपवून पुन्हा पुन्हा सराव चाचण्या घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’ने खेड्यापाड्यातल्या मुलांना हे दार उघडून दिले. नांदेडही आता त्याच वाटेवर आहे. प्रश्न मेहनतीचा नाही. खेळ, नाटक, गाणे यांना मेहनतीच्या आड येणारी गोष्ट मानण्याचा आहे. शरीरशास्त्र याच्या नेमके उलट सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करायला हवी. २०१६ पर्यंतच्या माहितीवर आधारलेल्या जागतिक पाहणीत ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नसल्याचे आढळले. म्हणजे हे दुखणे एकट्या मराठवाड्याचे नाही. पण ज्या वयात हाडांची बहुतांश भरण होते, ते वय इथली मुले बाकावर आणि दुचाकीच्या मागच्या सीटवर घालवतात. अठरा-वीस वर्षांपर्यंत हाडांत जी पुंजी साठते, तिच्यावरच पुढचे आयुष्य काढायचे असते. नंतर गोळ्या घेऊन ती सगळी भरून निघत नाही.

डोळ्यांचेही तसेच. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा मोकळ्या हवेत ठेवले. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या सुमारे ३० टक्के मुलांना लांबचे कमी दिसण्याचा दोष आला होता, तर उरलेल्या शाळांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. वर्गातल्या ट्यूबलाइटपेक्षा बाहेरचा उजेड कितीतरी पट प्रखर असतो. त्या उजेडामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे रसायन स्रवते आणि नेत्रगोल लांबट होण्याचा वेग मंदावतो, असे मानले जाते. लागलेला चष्मा यामुळे जात नाही, पण लहान वयात मोकळ्या उजेडात राहिल्याने तो लागण्याची शक्यता कमी होते.

आता मार्कांचे बघू. धावण्या-खेळण्याने मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, लक्ष टिकते, झोप चांगली लागते. दिवसभर वाचलेले पक्के करण्याचे मोठे काम मेंदू झोपेतच करतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळी शाळा किंवा कॉलेज, दुपारी शिकवणी, संध्याकाळी चाचणी आणि रात्री ‘सेल्फ स्टडी’ अशा दिनक्रमात ती मिळत नाही. वहीत लिहिलेले मग डोक्यात उतरत नाही, आणि मुलाला वाटते आपणच कमी पडतो. मेसचे जेवण, घरापासूनची दूरची खोली आणि दर आठवड्याला लागणारी क्रमवारी यांत भर घालतात.

सगळ्यांनाच खेळ आवडतो असे नाही, आवडायलाही हवा असे नाही. स्नेहसंमेलनातली नाटिका, गाण्याचा गट, हस्तलिखित, स्काउट-गाइड, शाळेच्या आवारातल्या पक्ष्यांची नोंदवही हेही तितकेच कामाचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास तपासून कला आणि आरोग्य यांचा जवळचा संबंध नोंदवला आहे. शिवाय चुकले तरी मार्क जात नाहीत, अशी एखादी जागा मुलाला हवी असते. नाटकात वाक्य विसरल्यावर मित्र सावरून घेतो, हे त्याला कोणत्याही सराव चाचणीत शिकायला मिळत नाही. उद्या डॉक्टर होणाऱ्याला तर ते फारच उपयोगी पडते.

मात्र याचीही शिकवणी करू नये. नृत्याची परीक्षा, अबॅकसची पातळी, चित्रकलेची ग्रेड अशी नवी धावपळ मागे लावली तर औषधाचेच दुखणे होईल. आणि खेळाने सगळे बरे होते असेही नाही. मूल गप्प गप्प राहत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, ‘जगून काय करू’ असे बोलत असेल, तर त्याला मैदानावर पाठवून भागत नाही. डॉक्टरांकडे न्यावे लागते. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

नियमांची वानवा नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शाळेला मैदान हवे असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अभ्यास आणि अभ्यासेतर अशी भिंत नको आहे, आणि सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा हवी आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने शिकवणी वर्गांसाठी दिलेल्या सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नको, दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग नकोत आणि आठवड्याला एक सुट्टी हवी, असे म्हटले आहे.

उरतो तो रोजचा व्यवहार. मुख्याध्यापकांनी पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देणे बंद करावे. शाळेच्या संघातली दहा-बारा मुलेच नव्हे, सगळा वर्ग मैदानावर उतरावा. पाळीच्या दिवसांत मुलींची अडचण होऊ नये म्हणून स्वच्छ स्वच्छतागृह असावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा तास सकाळी लवकर ठेवावा. अकरावी-बारावीच्या वसतिगृहांनी संध्याकाळचा एक तास पुस्तकाविना राखावा. आणि प्रवेश घेताना पालकांनी ‘मागच्या वर्षी किती जण नीटला लागले’ याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारावा : इथे मुले खेळतात कधी?

हा प्रश्न शंभर पालकांनी विचारला तर उत्तर बदलायला वेळ लागणार नाही.