रुई तोडण्याआधी

पावसाळा सरला की जयगडच्या किल्ल्यात रान माजते आणि श्रमदानाचे कोयते निघतात. तटाच्या सांध्यांत रुजलेले वड-पिंपळ काढलेच पाहिजेत. त्यांची मुळे चिरे फोडतात. पण त्याच झपाट्यात मोकळ्यावरची रुईही आडवी होणार असेल, तर ती साफसफाई नव्हे.

रुईवर प्लेन टायगर हे फुलपाखरू वाढते. केशरी पंख, पुढच्या पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरा पट्टा. लिनिअसने १७५८ साली शास्त्रीय नाव दिलेले हे फुलपाखरू स्पेन, इटली, ग्रीसमध्येही आढळते.  म्हणजे युरोपचे पुस्तक हाती घेऊनही ते जयगडला ओळखता यावे. तरी फसगत होतेच, कारण डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब तशीच दिसते. मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर, नसतील तर तोतया. या सोंगाला पक्षीही फसतात. बेचव प्लेन टायगर एकदा चोचीत धरले की त्या रंगाच्या वाटेला ते पुन्हा जात नाहीत.

हा बेचवपणा येतो रुईकुळातल्या झाडांच्या विषारी चिकातून. मादी पानाखाली सुटे अंडे घालते. अळी आधी अंड्याचे कवच खाते, मग पाने. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या मिरवणारी ही अळी दिसताच आपण ‘कीड’ म्हणून मोकळे होतो. पुढे तिचाच लोंबता कोष होतो आणि साधारण महिन्याभरात हा फेरा पुरा होतो.

महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. तेव्हापासून फुलपाखरांचे कौतुक वाढले, उद्यानेही झाली. पण नुसती फुलझाडे लावलेले उद्यान म्हणजे बाळंतिणीची खोली नसलेली खानावळ. अळीला मध चालत नाही, तिला तिचेच पान लागते. ब्लू मॉरमॉनच्या अळीला लिंबाच्या कुळातले, एगफ्लायच्या अळीला घोळीसारख्या रानभाजीचे.

मारुतीला शनिवारी रुईची माळ घालणाऱ्या गावाला हे झाड परके नाही. तेव्हा तटावरची झुडपे खुशाल काढा. तटापासून दूरची रुई मात्र राखा. ती तोडायचीच झाली, तर आधी पाने उलटून पाहा. फुलपाखराचा फोटो काढणारे हात पुष्कळ आहेत, अळीसाठी कोयता आवरणारे थोडे.