टीव्ही इंचावर नको, भिंत बघून विका

चिखली, मेहकर, मलकापूर नाहीतर देऊळगाव राजात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान टाकायचा विचार असेल, तर माझं एक मत आधीच ऐका. भावात ऑनलाइनवाल्याशी तुम्ही जिंकणार नाही. तिथं भांडायला जाऊच नका.

सोयाबीनचे पैसे हातात आले, दिवाळी जवळ आली की गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "भाऊ, ४३ इंची कितीला?" आपण लगेच भाव सांगून मोकळे होतो. धंदा इथंच जातो. त्यानं तो भाव मोबाइलवर आधीच बघितलेला असतो! त्याऐवजी विचारा, "दादा, लावणार कोणत्या भिंतीवर? बसणार किती फुटांवर?"

बघा, इंच म्हणजे कोपरा ते समोरचा कोपरा, तिरकं माप. खोक्यावर १०८ सेमी छापलेलं असतं आणि लोकांना ती रुंदी वाटते. प्रत्यक्षात ४३ इंची पडदा साधारण ९५ सेमी रुंद, ५४ सेमी उंच. म्हणजे शोकेसच्या तीन फुटी कप्प्यात तो जाणारच नाही. आकाराचीही गंमत आहे. जुना २१ इंची डबा ४:३ चा होता, आताचे टीव्ही १६:९ चे. त्यामुळं आजचा २४ इंचीसुद्धा उंचीला त्या डब्यापेक्षा थोडा कमीच भरतो. घरातली आजी म्हणते "हा तर लहान निघाला", ते खरंच असतं.

अंतराचा ढोबळ हिशेब सोपा: इंचांना दीडनं गुणा. ४३ ला साडेपाच फूट, ५५ ला सातच्या आसपास. दहा बाय दहाच्या खोलीत ४३ छान बसतो. पूर्वी ३२ इंचापर्यंत १८ टक्के जीएसटी आणि त्यावर २८ टक्के होता, म्हणून आपण ३२ च पुढे करायचो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांना १८ टक्केच आहे. माझ्या मते नव्या दुकानदारानं भांडवल ४३ मध्ये जास्त घालावं. ३२ पेक्षा त्याचा पडदा क्षेत्रफळानं जवळपास पावणेदोनपट आहे.

एलईडी आणि क्यूएलईडी, दोन्ही मुळात एलसीडीच. फरक मागच्या उजेडाचा आणि रंगाचा. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा रंग खरा काळा दिसतो. पण शेगावात कचोरीवाल्याला दिवसभर दरपत्रक दाखवायचं असेल तर ओएलईडी देऊ नका. तेच चित्र सतत राहिलं की पडद्यावर डाग उमटू शकतो. त्याला साधा, जास्त उजेडाचा एलईडी द्या. बाजूनं बघणारे जास्त असतील तर आयपीएस पॅनल. वक्र पडद्याचा जुना माल वितरकानं स्वस्तात दिला तरी घेऊ नका, तो मधोमध बसणाऱ्यापुरताच.

आता काम. रिकाम्या खोक्यांतून तीन पुठ्ठे कापा: ७१ × ४०, ९५ × ५४ आणि १२२ × ६८ सेमी. टेप आणि पुठ्ठे घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जा, भिंतीला लावून दाखवा. कधी ५५ मागणारा पुठ्ठा बघून ४३ वर येईल. त्या दिवशी गल्ल्यात कमी पडेल, पडू द्या. एप्रिलमध्ये त्याच घराला कूलर लागणार आहे.