रविवारची पंगत

मराठी मध्यमवर्गीय घरातील आठवड्याचे सहा दिवस आज पूर्णपणे घड्याळाच्या स्वाधीन झाले आहेत. वडील एका वेळी घराबाहेर पडतात, आई दुसऱ्या वेळी आणि मुले तिसऱ्या वेळी. रात्रीचे जेवणदेखील ज्याच्या-त्याच्या सोयीने उरकले जाते. राहता राहिला रविवार. पण या एका दिवसावरही आता चहूबाजूंनी हक्क सांगितला जात आहे. शिकवणी वर्गांना चाचणीसाठी रविवार हवा असतो, स्पर्धा परीक्षा रविवारी होतात, बाजारपेठेची सारी प्रलोभने रविवारसाठी सजतात आणि सभा-संमेलनांना, सामाजिक कामांनाही रविवारच सोयीचा वाटतो. मग घरासाठी कोणता वार उरला? हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे. परंतु श्रद्धा, भाषा आणि रीतिभाती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे ज्या वाटेने जातात, त्या वाटेशीच तो निगडित असल्याने त्याचा विचार गांभीर्याने करावयास हवा.

रविवारची सुटी ही इंग्रजांची देणगी, असा एक सरसकट समज आपल्याकडे रूढ आहे. सरकारी कचेऱ्यांपुरता तो खरा असेलही. गिरणगावातील कष्टकऱ्याला मात्र ही सुटी कोणी आपणहून दिली नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणीत राबणाऱ्या मुंबईच्या कामगारांसाठी ती मागितली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांना संघटित केले आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या निश्चित वेळा आणि वेळेवर पगार, अशा त्यातील मागण्या होत्या. पुढे 24 एप्रिल 1890 रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या काळात तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि 1891 च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुटीवर शिक्कामोर्तब केले. भारत सरकारने 2005 मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. तरीही आज आरामात उशिरा उठणाऱ्या किती घरांना या माणसाचे नाव ठाऊक आहे?

रविवारच का, या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या लोकजीवनात सापडते. रविवार हा खंडोबाचा वार. बहुजन समाजातील कामगाराला आपल्या कुलदैवताच्या दिवशी सुटी हवी, हा या मागणीमागील एक आधार होता, असे आवर्जून सांगितले जाते. इंग्रजांच्या चर्चचा रविवार आणि जेजुरीच्या मल्हारीमार्तंडाचा रविवार असे दोन रविवार या मुंबई शहरात एकत्र नांदत होते, आणि गिरणी कामगाराचा जीव साहजिकच दुसऱ्यात गुंतलेला होता.

नाही तरी आपल्या परंपरेत हा वार कधी रिकामा नव्हताच. तो आदित्याचा वार आहे, म्हणून जुनी माणसे त्याला आदितवार म्हणत. खेड्यापाड्यांत आजही तो आइतवार असतो. श्रावणातल्या रविवारी आदित्यराणूबाईची कहाणी घराघरांत वाचली जाते. गोव्यात श्रावणातील रविवारी सुवासिनी पाने-फुले मांडून आयताराचे पूजन करतात. खंडोबाचा कुळाचार असलेल्या घरी तळी भरली जाते. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवून पाच जणांनी मिळून ते उचलावयाचे आणि मल्हारीच्या नावाचा गजर करावयाचा, असा तो विधी. एकट्याने तळी उचलली जात नाही, त्याला घरची माणसे जमावी लागतात. त्या पाच जणांत लहान मुलाचा हात लागला की त्याचा आनंद घरभर होतो. कोणत्याही प्रवचनावाचून त्या मुलाला कळते की हा देव आपला आहे, आणि हे घरही आपले आहे.

पूजाविधी प्रत्येक घराचे निराळे. कुठे रामरक्षा म्हटली जाते, कुठे अथर्वशीर्ष, कुठे हरिपाठ; कुठे नुसताच देवापुढे दिवा लावून हात जोडले जातात. त्यात उच्चनीच काही नाही. महत्त्वाचे आहे ते घरातल्या सर्वांनी एका वेळी देवापुढे उभे राहणे. एरवी आठवडाभर पूजा म्हणजे आजोबांनी एकट्याने उरकावयाचे काम होऊन बसलेले असते. रविवारी ते सर्वांचे होऊ शकते. लहानग्यांना या कामात अक्षरशः हात द्यावा. देवांची तांब्याची भांडी चिंचेने लख्ख घासणे, सहाणेवर चंदन उगाळणे, फुले आणणे, वाती वळणे, निरांजनात तूप घालणे ही सारी कामे पाच-सहा वर्षांच्या मुलाला जमतात आणि मनापासून आवडतात. चंदन उगाळणारे मूल चार प्रश्न विचारते. बाळकृष्ण रांगतच का? शंख का वाजवायचा? देवाला साखर कशी कळते? उत्तर देता देता आई-वडिलांनाच आपली जाण तपासावी लागते, हाही या पूजेचा एक लाभच. उत्तर येत नसेल तर आजीकडे जावे. तिचे कथांचे भांडार आज घरात सर्वांत दुर्लक्षित पडलेले आहे.

पूजेनंतर येते ते जेवण, आणि रविवारचा खरा गाभा तिथेच आहे. सकाळी कांदेपोहे किंवा थालीपीठ, दुपारी वरणभात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि सणाची चाहूल असेल तर वाटीभर शिरा, इतक्यात एक घर तृप्त होते. कोकणपट्टीत रविवारी मासळीचा बेत असेल, देशावर मटणाचा रस्सा रटरटत असेल; वार पाळणाऱ्या घरी साधी भाकरी-भरीत असेल. प्रत्येक घराचा स्वाद वेगळा आणि तो वेगळाच असावा. चंपाषष्ठीला खंडोबासमोर वांग्याचे भरीत आणि रोडगा येतो. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणाऱ्या घरी ते पुन्हा पानात येते ते याच दिवशी. ऋतू, देव आणि जीभ यांची अशी सांगड घालणारे हे शहाणपण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही. ते पानावर बसूनच शिकावे लागते.

पान वाढण्याच्या साध्या रीतीतही एक शाळा दडलेली आहे. आधी मीठ, मग डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजव्या बाजूला भाजी-आमटी; मध्ये भाताची मूद, वर वरण आणि तुपाची धार. हा क्रम सात वर्षांच्या मुलीला शिकवावा, तसाच सात वर्षांच्या मुलालाही. जेवणाआधी श्लोक म्हणावा, सर्वांची पाने वाढून होईपर्यंत हात आवरावा, पानात काही टाकू नये, वाढणाऱ्याने समोरच्याला काय हवे ते त्याने मागण्यापूर्वी ओळखावे. संयम, अन्नाविषयीची कृतज्ञता आणि दुसऱ्याची जाणीव हे तीन संस्कार या अर्ध्या तासात होतात. त्यासाठी शुल्क पडत नाही आणि शिबिरही भरवावे लागत नाही. एकच अट आहे. त्या अर्ध्या तासात दूरचित्रवाणी बंद असावी आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत असावेत, वडिलांचा सर्वांत आधी.

दूरचित्रवाणीवर सारा दोष टाकण्याचे मात्र कारण नाही. 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण मालिका सुरू झाली, तेव्हा शेजारपाजारची माणसेही एकाच संचासमोर जमत. अनेक घरांत संचाला हार घातला जाई, रस्ते ओस पडत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात तीच मालिका पुन्हा दाखविली गेली, तेव्हा पूर्वी ती आपल्या आजीच्या मांडीवर बसून पाहिलेल्या पिढीने आपल्या मुलांना शेजारी बसवून ती पाहिली. यंत्र तेच होते. ते सर्वांना एकत्र बसवीत होते. आज घरात जितकी माणसे तितके पडदे झाले आहेत. एका छपराखाली चार जण चार कोपऱ्यांत चार निरनिराळ्या जगांत वावरतात आणि त्यालाच सुटी म्हटले जाते.

या चित्राची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. रविवारच्या या साग्रसंगीत बेताचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो? केंद्र सरकारच्या 2019 च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे खर्च करतात, तर असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. नोकरी करणाऱ्या स्त्रीचा रविवार तर आठवड्याच्या साचलेल्या धुण्यात, निवडण्या-टिपण्यात आणि चार पदार्थांच्या स्वयंपाकात विरून जातो. सर्वांची सुटी ही एकीच्या दुप्पट कष्टांवर उभी असेल, तर त्या पंगतीला संस्कार म्हणावे कसे? अन्नपूर्णेची स्तोत्रे गाणाऱ्या समाजाने घरच्या अन्नपूर्णेला ओट्याशी उभे ठेवून आधी जेवून घेऊ नये. ती पानावर बसल्याखेरीज पंगत सुरू होणार नाही, असा नियम घरातील कर्त्या पुरुषानेच घालून द्यावा. मटार सोलणे, खोबरे खवणणे, ताक घुसळणे ही कामे वडील आणि मुलांनी मिळून करावीत आणि जेवणानंतरची भांडीही. मुलगा हे आपल्या वडिलांकडून पाहून शिकतो. नुसत्या उपदेशाने नव्हे. पदार्थ दोन कमी झाले तरी चालतील. मऊ खिचडी, पापड आणि लोणचे एवढ्यावरही पंगत उत्तम रंगते.

कधीमधी बाहेर जेवण्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. घरातील स्त्रीला त्यातून उसंत मिळत असेल तर ते योग्यच. परंतु बाहेर जाणे किंवा दारात अन्नाचा खोका मागविणे हाच रविवारचा एकमेव आनंद होऊन बसला की मुलांच्या मनात एक हिशेब पक्का होतो. आनंदाला पैसे पडतात, हा तो हिशेब. याउलट सकाळी जवळच्या टेकडीवर फिरून येणे, गावातल्या जुन्या देवळाच्या ओसरीवर घटकाभर टेकणे, दुपारी आजोबांशी सापशिडीचा डाव मांडणे, संध्याकाळी एखाद्या एकट्या राहणाऱ्या नातेवाइकाकडे डोकावणे, यातील कशालाच पैसे पडत नाहीत. असे रविवार अनुभवलेली मुले मोठेपणी थोडक्यात सुखी राहावयास शिकतात. चंगळवादाविरुद्ध व्यासपीठावरून दिलेल्या दहा भाषणांपेक्षा असा एक रविवार अधिक परिणामकारक ठरतो.

आता एक प्रश्न समाजकार्यात वावरणाऱ्या घरांना. कार्यकर्त्याचा रविवार बहुधा बैठकीत, प्रवासात, अभ्यासवर्गात जातो. या त्यागाचे मोल कोणी नाकारणार नाही. संघटना उभ्या राहतात त्या अशा हजारो रविवारांवरच. तथापि, कुटुंबव्यवस्थेच्या महतीवर दुपारी दोन वाजता भाषण करणाऱ्याच्या स्वतःच्या घरी त्याचे पान झाकून ठेवलेले असावे आणि त्याचे लेकरू बाबा कधी येणार म्हणून वाट पाहून झोपी गेलेले असावे, यातील विसंगती केव्हा तरी मान्य करावी लागेल. जो संस्कार समाजाला द्यावयाचा, तो आपल्या घरच्या मुलांपर्यंत पोहोचलाच नाही, तर पुढच्या पिढीत हे काम करावयास येणार कोण? वडिलांचे काम म्हणजे आपल्यापासून वडिलांना दूर नेणारी वस्तू, अशी मुलाची समजूत झाली तर तो त्या कामाच्या वाटेला जाणार नाही. घरोघरी याचे दाखले आहेत.

उपाय अवघड नाही. सामाजिक संस्थांनी, मंडळांनी आणि संघटनांनी रविवारी दुपारी बारा ते चार या वेळेत कोणतीही बैठक अथवा कार्यक्रम ठेवू नये, एवढे पथ्य पाळावे. सकाळ आणि संध्याकाळ कामाला मोकळी आहेच. शिवाय महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आहे, अनेक खासगी क्षेत्रांत तो त्याआधीपासून आहे. तेव्हा काही कामे शनिवारकडे सरकविणे अनेकांना सहज शक्य आहे. ज्यांच्या नोकरीत रविवारची सुटीच नसते, त्या परिचारिका, पोलीस, बसचालक, दुकानातील कामगार यांच्या घरांनी जो वार सुटीचा मिळेल तोच आपला रविवार मानावा. देवाला आणि पंगतीला वाराचे बंधन नाही, एकत्र येण्याचे आहे.

गिरणी कामगारांनी सहा वर्षे झगडून हा दिवस मिळविला तो देवासाठी, विसाव्यासाठी आणि लेकराबाळांसाठी. त्यांच्या कष्टांचे फळ आज आयते हाती आलेल्या पिढीने तो शिकवणी वर्गांच्या आणि बाजाराच्या हवाली करून टाकू नये. येत्या रविवारी देवापुढे सर्वांनी मिळून दिवा लावावा, घरातील सर्वांत लहान मुलाच्या हाती मिठाची वाटी द्यावी आणि त्याला सांगावे, ‘आज पाने तू वाढायचीस.’ ते मीठ थोडे सांडेल, एखाद्याच्या पानात जास्त पडेल. त्याबद्दल कोणी त्याला रागावू नये.