कॅरियर नको, पाळणाघर द्या

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना कृपा करून बेबी कॅरियर वाटू नका.

हे सांगायची वेळ का आली? तर सध्या आमच्या ओळखीपाळखीत एक टूम निघाली आहे. पुण्या-मुंबईत पोरगं धावायला लागलं की घरोघरी कपाटात एक कॅरियर पडून राहतो. चार-पाच हजारांची वस्तू, टाकवत नाही. मग कुणीतरी म्हणतं, गोळा करून बीडला पाठवूया की! लेकरू पाठीवर, हात मोकळे, आईचं कामही होईल. सोबत झाशीच्या राणीचा दाखला असतोच. मी मूळचा धारूर तालुक्यातला, त्यामुळे "तू कोऑर्डिनेट कर" हेही ओघानं आलं.

आधीच सांगतो, कॅरियरशी माझं काही वाकडं नाही. माझी दीड वर्षांची, साडेदहा किलोंची लेक रविवारी माझ्या पाठीवर बसूनच तळजाई फिरते. वस्तू खरंच हुशारीनं बनवलेली आहे. रुंद पट्टा खांद्यावरचं वजन कमरेवर उतरवतो, मुलाच्या मांड्यांना आधार मिळतो, पाय लोंबकळत नाहीत. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या अ‍ॅन मूर या नर्सनं टोगोमधल्या आया मुलांना पाठीवर बांधून कामं करताना पाहिल्या आणि त्यावरून 'स्नगली' तयार केली. आपले बक्कलवाले कॅरियर त्याच घराण्यातले. तेव्हा वस्तू उत्तम.

पण ऊस कसा तोडतात हे या मंडळींना माहीत आहे का?

ऊस बुडख्याशी तोडावा लागतो. म्हणजे दिवसभर कमरेत वाकून. कॅरियरचा पट्टा वजन कमरेवर घेतो तो माणूस ताठ उभा असेल तर. वाकलात की पाठीवरचं मूल मानेकडे सरकतं. उसाचं पातं कडेला करवतीसारखं असतं आणि पाठीवरच्या मुलाचं तोंड नेमकं त्याच गचपणात. तोडून झालं की मोळी बांधायची. पंचवीस-तीस किलोंची, कधी त्याहून जड. ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. मोळीतले ऊस मागे लोंबत असतात, बरोबर जिथे लेकराचं डोकं येणार तिथे. टोळी पहाटे अंधारात फडात उतरते आणि गाडी रात्री आली तर रात्रीच भरावी लागते. राणीचा पुतळा डोळ्यांपुढे आणून हे पाच-सहा महिने रोज करून बघा, मग बोलू.

म्हणून तिथली आई मूल पाठीवर घेत नाही. आमच्याकडे तशीही रीत कडेवर घ्यायची. फडात ती लुगड्याची झोळी बांधते, बांधावरच्या बाभळीला नाहीतर गाडीला. तेही नसेल तर पाचटावर फडकं टाकून निजवते. राखायला ठेवते थोरल्या मुलीला. वय वर्षं आठ-नऊ. साप, मागे येणारा ट्रॅक्टर, जुन्नरकडच्या उसात बिबट्या, हे सगळं त्या पोरीनं बघायचं. 'काखेत कळसा नि गावाला वळसा' म्हणून आपण हसतो. हिच्या काखेत भाऊ आहे आणि शाळा गावाकडेच राहिली आहे. बीडचा खरा बेबी कॅरियर ही मुलगी आहे! शाळकरी मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं निघाली, चांगलंच झालं. पण अंगावर पिणारं भावंडं वसतिगृहात राहत नाही, आणि त्याला राखायला कुणी हवं म्हणून बहीणही राहत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर कॅरियर हा वर्कअराउंड आहे. बग वरच्या लेयरमध्ये आहे.

वर काय आहे? नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती टनावर फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा तो टनाला ३६६ रुपयांवर गेला. जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. म्हणजे दोन माणसांचे मिळून सहा-सातशे रुपये. काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. लेकराला पाजायला घटकाभर बसलं तरी टन कमी भरतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा आठवा: बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीच्या दुखण्यानं खाडा पडू नये, हे त्यामागचं एक कारण. जिथे बाईला स्वतःच्या शरीराची हौस परवडत नाही, तिथे आपण तिला बक्कल लावायला शिकवणार?

आता कायदा बघा. २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. आपल्या ऑफिसला ती लागू आहे. चहाच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या बाईला तर पाळणाघराचा हक्क १९५१ च्या मळे कामगार कायद्यानं दिला. त्या कायद्यात चहा, कॉफी, रबर होतं, ऊस नव्हता. साखर कारखाना म्हणतो, तोडणी मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. गंमत बघा, ऊस कारखान्याचा, तोडणीचं वेळापत्रक कारखान्याचं, वजनकाटा कारखान्याचा. फक्त बाई कुणाचीच नाही!

"पण फड रोज बदलतो, पाळणाघर कसं चालवणार?" हा प्रश्न येणारच. बांधकामंही हलतातच की. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवर तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. ऊसतोडीचं तर त्याहून सोपं आहे. फड बदलला तरी कोप्यांचा तळ बहुतेकदा महिनोन्महिने एकाच जागी असतो. तिथे एक शेड, पाणी, दोन पगारी बायका आणि दुपारी गरम जेवण. यात रॉकेट सायन्स कुठे आहे?

आणि पैसा? ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलेलं आहे. राज्यात बेताच्या हंगामातही आठ कोटी टनांवर गाळप होतं. गुणाकार तुम्हीच करा.

"काहीच नसण्यापेक्षा कॅरियर बरा" असंही कुणी म्हणेल. मला ते मान्य नाही. वस्तू वाटली की फोटो निघतो, फोटो निघाला की विषय संपतो. शिवाय त्यातून गुपचूप हेही कबूल होतं की मूल सांभाळणं ही त्या बाईचीच जबाबदारी, तोडता तोडता.

त्यापेक्षा एक काम करा. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे वडील, काका, सासरे सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे कुठल्या ना कुठल्या सहकारी कारखान्याचे सभासद आहेत. दिवाळीला सवलतीची साखर घरी येते ती त्यामुळेच. त्या सभासदाला सर्वसाधारण सभेत हात वर करून एवढंच विचारायला सांगा: आपल्या कारखान्याच्या तोडणी तळांवर पाळणाघरं किती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.