इंटरनेटवरील आपला पत्ता : भीति आणि सावधगिरी



हल्लीं इंटरनेटवरील खेळांत दोन मुलांचें भांडण जुंपलें, कीं एकजण दुसऱ्यास धमकावतो, "तुझा आयपी पत्ता मला कळला आहे, आतां पाहून घेतों!" तेवढ्यानें दुसऱ्याची झोंप उडते. आईबापांस सांगावें तर खेळ बंद होईल. न सांगावें तर जिवाला घोर. मग धमकी देणारा सांगेल तें करण्यास मूल तयार होतें. यास्तव ह्या पत्त्यापासून खरें भय किती व खोटें किती, हें मुलांनीं व पालकांनीं नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवर आपल्या जोडणीस मिळालेला क्रमांक. उत्तर हवें असेल तर पत्रावर आपला पत्ता लिहावा लागतो. तद्वत् मागितलेलें पान परत यावें म्हणून हा क्रमांक पलीकडच्या यंत्रास कळणें अपरिहार्य आहे. व्हीपीएन वापरल्यास तो संकेतस्थळास दिसत नाहीं, हें खरें. पण व्हीपीएन चालविणाऱ्यास दिसतोच. क्रमांकावरून सामान्य मनुष्यास बहुधा सेवा पुरविणारी कंपनी आणि शहर एवढेंच कळतें, व शहरही अदमासानेंच. ग्राहकाचें नांव व घर यांची नोंद त्या कंपनीच्या दप्तरीं असते. मोबाइलवर तर एकाच क्रमांकामागें पुष्कळ ग्राहक असूं शकतात. मात्र आपण होऊन नांव, शाळा व छायाचित्र परक्यास दिलें, तर हे धागे जुळवून घर शोधणें सोपें होतें.

क्रमांकालाच घर मानिल्यानें केवढा अनर्थ होतो, हें अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत दिसून आलें. क्रमांकांवरून ठिकाणें सांगणाऱ्या मॅक्समाइंड कंपनीनें, जे क्रमांक अमेरिकेंतील पण नेमके कोठले हें ठाऊक नव्हतें, त्यांस देशाच्या मध्याजवळील एक बिंदु नेमून दिला. तो एका शेतावर पडला, आणि ६० कोटींहून अधिक क्रमांक त्या शेताच्या नांवें लागले. मग कोठें फसवणूक झाली, कोठें कोणी हरवलें, कीं पोलीस आणि संतापलेले लोक त्या निरपराध कुटुंबाच्या दारीं येत. हा छळ अनेक वर्षें चालला. २०१६ सालीं प्रकरण उघडकीस आल्यावर कंपनीनें तो बिंदु एका जलाशयांत हलविला.

आतां खरें भय पाहूं. क्रमांक ठाऊक असलेला दुष्ट मनुष्य निरर्थक मागण्यांचा पूर सोडून आपली जोडणी कांहीं काळ बंद पाडूं शकतो. त्याहून मोठा धोका बिनकुलपी दाराचा. २०१६ सालच्या मिराई ह्या प्रोग्रॅमला कोणाचा पत्ता विचारावा लागला नाहीं. तो वाटेल ते क्रमांक चांचपीत सुटला, आणि कारखान्यांत घातलेला पासवर्ड ज्यांवर तसाच होता, असे कॅमेरे व राउटर त्यानें लक्षावधि संख्येनें काबीज केले. असल्या गुलाम यंत्रांच्या साह्यानें २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अमेरिकेंतील कित्येक प्रसिद्ध संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडण्यांत आलीं. मिराई रचणाऱ्या तीन तरुणांनीं पुढें २०१७ सालीं न्यायालयांत गुन्हा कबूल केला. तात्पर्य, पत्ता लपविण्यापेक्षां कुलूप लावणें महत्त्वाचें. घरच्या राउटरचा पासवर्ड आजच बदलावा व त्याचा प्रोग्रॅम वेळोवेळीं अद्ययावत करावा. जोडणी कोणी बंद पाडलीच, तर सेवा पुरविणाऱ्या कंपनीस कळवावें; पुष्कळदां क्रमांक बदलून मिळतो.

पालकांस विनंती अशी कीं, धमकी आल्याचें मुलानें सांगितलें, तर प्रथम त्याला रागावूं नये. घरीं बोलणीं खाण्याचें भय असतें, म्हणूनच बाहेरच्याची धमकी चालते. क्रमांकापेक्षां हें मौनच अधिक घातक, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आणि मुलांनो, दुसऱ्याची जोडणी बंद पाडणें ही गंमत नव्हे; २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणें असल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तसेंच नुसत्या क्रमांकावरून कोणावर आळ घेणें म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणेंच होय. आपलें दार नीट लावावें, दुसऱ्याच्या दारावर दगड मारूं नये, आणि भय वाटलें तर तें आईबापांस अथवा शिक्षकांस त्याच दिवशीं सांगावें.