‘अब्बा सोडत नाहीत!’

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक फोन आला आणि या वेळी काय लिहायचं ते आपोआप ठरलं.

आमची लेक बारावीत आहे. तिच्या जिवलग मैत्रिणीला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. बेत असा: सहा मुली आणि मैत्रिणीची अम्मी, पोलादपूरहून जीप करून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचं, एक रात्र मुक्काम, तिथेच केक आणि जेवण. माणशी 3,200 रुपये, शिवाय सगळ्यांचे एकाच रंगाचे ड्रेस. लेक आनंदाच्या भरात ‘हो’ म्हणून आली. हिशेब मागाहून केला.

आमचं घर कशेडी घाटाच्या रहदारीवर चालत आलं. घाट चढण्यापूर्वी गाड्या थांबायच्या, चहा-नाश्ता व्हायचा. 2023 च्या सप्टेंबरात, गणपतीच्या तोंडावर, बोगद्याची एक बाजू सुरू झाली. पाऊण तास खाणारा घाट काही मिनिटांवर आला. प्रवाशांची सोय झाली, अल्हम्दुलिल्लाह. पण आमच्या दारातल्या गाड्या कमी झाल्या. लेकीला हे ठाऊक आहे. म्हणून तिने आमच्याकडे पैसे मागितलेच नाहीत. मैत्रिणीला परस्पर सांगून टाकलं, ‘अब्बा सोडत नाहीत.’

आपल्या घरांत ही सबब फार चालते. त्यापुढे सहसा कुणी विचारत नाही. या वेळी मात्र विचारलं. मैत्रिणीच्या अम्मीने फोन केला, ‘भाईजान, मी स्वतः सोबत आहे, पोरीला पाठवा. ती मला माझ्या मुलीसारखीच.’ फोन यांनी घेतला होता. यांना कशाचाच पत्ता नव्हता. ‘विचारून सांगतो’ म्हणून फोन ठेवला आणि लेकीकडे नुसतं पाहिलं. ती रडायला लागली.

रात्री आम्ही तिघं बसलो. यांना राग खर्चाचा नव्हता. ‘मी न बोललेलं माझ्या नावावर का घातलंस?’ एवढंच ते म्हणाले. कर्ज काढून पाठवण्याचाही विचार आमच्या मनात येऊन गेला, खोटं का बोला! पण एका रात्रीसाठी उधारी करायची नाही, असं ठरलं.

सूरह बनी इस्राईलच्या 26 ते 29 या आयती आम्ही लेकीसोबत अर्थासह वाचल्या. नातेवाईक, गरजू आणि प्रवासी यांचा हक्क द्या, पण उधळपट्टी करू नका. हात अगदी आखडू नका आणि सगळा मोकळाही सोडू नका, असं तिथे सांगितलं आहे. याच्या मधोमध 28 वी आयत आहे. द्यायला जवळ काही नसेल आणि तोंड फिरवावं लागत असेल, तर निदान मऊ शब्दांत बोला, असा तिचा आशय. ती दानाविषयी आहे, पण ‘नाही’ कसं म्हणावं हे तिथूनही शिकता येतं.

दुसऱ्या दिवशी लेक मैत्रिणीच्या घरी गेली. ग्रुपवर लिहिलं नाही, कारण तिथे सहा जणींसमोर मैत्रिणीला धड रागावताही आलं नसतं. तिने सांगितलं, ‘अब्बांनी अडवलं नव्हतं, मी खोटं बोलले. एवढे पैसे सध्या आमच्याकडे नाहीत. मला तू हवी आहेस, फक्त हा खर्च झेपत नाही. परत आल्यावर एक संध्याकाळ आमच्याकडे जेवायला ये.’ खोलीसाठी माणशी 500 रुपये आगाऊ भरले गेले होते. आपल्या वाटचे ते पैसे तिने साठवलेल्या ईदीतून दिले. ‘हो’ म्हटल्यावर माघार घेतली, तर तिचा भुर्दंड दुसऱ्यावर पडू नये.

मैत्रीण आधी गप्प झाली. मग म्हणाली, ‘पैशांचं आधी बोलली असतीस, तर मी बेतच बदलला असता.’ आता बदलणं शक्य नव्हतं. त्या गेल्या. त्या रात्री फोनवर फोटो येत राहिले आणि आमची लेक लवकर झोपायला गेली. सगळं सुरळीत झालं, असं आम्ही म्हणणार नाही.

चार दिवसांनी मैत्रीण आली. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचं सालन आणि नारळाच्या दुधातली खीर. लेकीने स्वतः विणलेला रुमाल दिला. शेजारणीने दिलेली भेट बकरीच्या खुराएवढी असली तरी तिला कमी लेखू नका, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मैत्रिणीने तो रुमाल लगेच डोक्याला बांधला.

बेत आखणाऱ्या घरांनाही एक विनंती. माणशी खर्च आधी सांगा, होकार मग मागा. तोही एकेकीला वेगळं विचारून. आणि ‘नुसतं केक कापायला ये’ एवढी वाट मोकळी ठेवा. ज्याचा हात तंग आहे, त्याला खोट्याचा आधार घ्यावा लागणार नाही.

यांनी त्या अम्मींना फोन करून सगळं सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, ‘भाईजान, आमच्या घरीही पुष्कळदा अब्बाच सोडत नाहीत!’